बाहुली बारीक झाली होती

अठरा वर्षं नववीला चेतासंस्था शिकवतोय. फळ्यावर चेतापेशी काढायची, वृक्षिका, अक्षतंतू, संपर्कस्थान अशी नावं द्यायची. तेच संपर्कस्थान माझ्या अंगात बिघडलं, तेव्हा मला ऊन लागल्यासारखं वाटलं!

निमगाव केतकीकडे आमचं दोन एकर डाळिंब. फुलकिडे पडले म्हणून दुकानदाराने दोन बाटल्या हातात ठेवल्या. "एकत्रच मारा सर, काही होत नाही." गडी आला नव्हता. मीच हाफ शर्टावर पाठीला पंप अडकवला. झाकण गळत होतं. पाठ भिजली, ती घामानेच असं समजून चाललो.

दुपारी मळमळ सुरू झाली. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, नजर अंधुक. गावातल्या डॉक्टरांनी 'ऊन लागलंय' म्हणत सलाईन लावलं. फवारणी करून आलेत, हे बायकोने दोनदा सांगितलं, त्यांनी मान वर केली नाही. टॉर्च मारून डोळा बघायला असा कितीसा वेळ लागतो? अर्धी बाटली गेली तोवर दंडाचे स्नायू आपोआप उडायला लागले, कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे. ते बघताना माझाच तास आठवला आणि पोटात गोळा आला.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधल्या फटीत बऱ्याच ठिकाणी ॲसिटिलकोलीन सुटतं, संदेश पलीकडे जातो आणि एक विकर ते रसायन लगेच तोडून टाकतं. चेता आणि स्नायू जिथे भेटतात तिथेही हेच. मी फवारलं तसलं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध त्या विकरालाच धरून बसतं. रसायन साचत जातं, दारावरच्या बेलचं बटण अडकून बसावं तसा संदेश थांबतच नाही. लाळ, घाम, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, सगळं त्यातूनच. शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. किड्याला मारायची रीत तीच, आपल्याला मारायचीही तीच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून जास्त माणसं गेली. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती.

बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी पापणी उघडली, मग बाटली मागितली. ॲट्रोपिनचा उतारा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर घरी सोडा म्हणून मी भांडलो. त्यांनी सोडलं नाही, ते बरं झालं. पहिल्या चार दिवसांत मान लुळी पडू शकते, श्वास पुन्हा अडू शकतो.

दुकानदार बघायला आला नाही. सरांनाच फवारता येत नाही, असं चौकात सांगत होता. उधारी मागायला मात्र पोराला धाडलं.

तर, दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य 'फवारणी करून आलोय' हेच बोला. डॉक्टर ऐकत नसतील तर 'डोळे बघा' म्हणा, लाजू नका. बाटली सोबत न्या, उतारा तिच्यावर छापलेला असतो. भिजलेले कपडे शेतातच काढा, अंग साबणाने धुवा, केस आणि नखंसुद्धा. दूध पाजत बसू नका, 108 लावा. हातमोजे, मास्क वगैरे सगळ्यांना माहीतच आहे, मलाही होतं.

पंपाच्या झाकणाचा वायसर वीस रुपयांना मिळतो. महिनाभर आणायचा राहून गेला होता.