उत्तरेकडील वनांत श्रमदान : शिबिराचे नियोजन

शाळा, महाविद्यालये व ग्रामीण युवक मंडळे यांनी वनसंवर्धनासाठी दूरच्या प्रदेशात श्रमदान शिबिरे नेण्याची कल्पना स्तुत्य आहे. त्यांतही हिमालयाच्या वनांची ओढ तरुणांना विशेष वाटते. मात्र केवळ उत्साहाच्या बळावर निघालेले शिबिर ज्या गावी जाते, त्या गावाला मदतीऐवजी भारच होण्याचा संभव असतो. म्हणून निघण्यापूर्वी नियोजनाचा विचार सांगोपांग होणे अगत्याचे आहे. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक ठरेल.

पूर्वपीठिका

चमोलीचे मुख्य ठाणे असलेल्या गोपेश्वर येथे चंडीप्रसाद भट्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली दशोली ग्राम स्वराज्य संघाची स्थापना केली. स्थानिक लोकांना गावातच रोजगार मिळावा, हा तिचा प्रारंभीचा हेतू होता. जुलै 1970 मध्ये अलकनंदेला आलेल्या महापुराने मोठी हानी केली. मदतकार्य करीत असता, उघडे पडलेले डोंगर आणि पुराची तीव्रता यांचा निकटचा संबंध आहे, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानी आले.

पुढे 1973 साली शेतीची अवजारे करण्यासाठी मागितलेली अंगूची झाडे संघाला नाकारण्यात आली व तीच क्रीडासाहित्य बनविणाऱ्या एका कंपनीला देण्यात आली. तेव्हा मंडल या गावी लोकांनी झाडांना मिठी मारून ती वाचविण्याचा निर्धार केला. 26 मार्च 1974 रोजी रेणी गावी पुरुषमंडळी बाहेरगावी गेलेली असताना गौरादेवी व त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी तोडीसाठी आलेल्या मजुरांना परत पाठविले. हेच ‘चिपको’ आंदोलन होय. 1981 साली त्या भागात 1,000 मीटरपेक्षा अधिक उंचीवरील हिरव्या झाडांची व्यापारी तोड थांबविण्यात आली.

तोड थांबली, तरी उघडे डोंगर पुन्हा आच्छादण्याचे काम उरलेच होते. त्यासाठी ग्रामस्थ, विद्यार्थी, शास्त्रज्ञ व अधिकारी यांनी एकत्र राबावयाची शिबिरे भरू लागली. दगडी गडगे घालणे, खड्डे खणणे, रोपे लावणे ही कामे तेथे होत. शिबिर उठल्यानंतर रोपांची राखण गावच्या महिला मंगल दलांनी अंगावर घेतली. ज्यांना वैरण व सरपण यांसाठी रोज रानात जावे लागते, त्यांच्याच हाती राखण आल्यामुळे रोपे टिकली. नियोजनाचा पहिला धडा तो हाच.

दिवसांचा हिशेब

गोव्याहून वा बेळगावहून निघणाऱ्या वीस जणांच्या तुकडीचा बारा दिवसांचा कार्यक्रम गृहीत धरावा. रेल्वेने हरिद्वार वा ऋषिकेशपर्यंत जाण्यायेण्यात सुमारे चार दिवस जातात. ऋषिकेशपासून गोपेश्वरपर्यंतचा सुमारे 200 किलोमीटरचा घाटरस्ता जातायेता दोन दिवस घेतो. थंड हवा व चढउतार यांची शरीराला सवय व्हावी म्हणून एक दिवस विश्रांतीचा ठेवावा लागतो. उरतात पाच दिवस. म्हणजे वीस जणांचे शंभर श्रमदिवस.

एवढ्याच श्रमासाठी प्रवासखर्च करावयाचा, तर ती रक्कम गावाकडे पाठवून तेथील मजुरांना काम देणे अधिक फायद्याचे ठरेल. तेव्हा असे शिबिर केवळ मजुरीच्या हिशेबाने समर्थनीय ठरत नाही. तेथील लोक वन कसे राखतात, हे पाहून व त्यांच्याबरोबर राबून शिकणे आणि ती विद्या आपल्या गावी आणणे, हा दुसरा हेतू साधला तरच खर्च सार्थकी लागतो.

हंगामाची निवड

पावसाळी वृक्षलागवडीचा काळ जुलै-ऑगस्टचा. परंतु याच दिवसांत दरडी कोसळून रस्ते बंद पडतात व बाहेरच्या तुकड्या वाटेतच अडकतात. मे-जूनमध्ये यात्रेची गर्दी असते आणि रानात वणव्याचे भय असते. चीड वृक्षाच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तेथे पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात चटकन पेट घेतात.

दूरच्या तुकडीस दिवाळीच्या सुटीचा काळ सर्वांत सोयीचा. त्या वेळी पाऊस ओसरलेला असतो आणि शाळाही बंद असतात. लागवड झालेली असली, तरी काम संपलेले नसते. पावसात ढासळलेले गडगे पुन्हा रचणे, रोपांभोवतीचे गवत काढणे, आळी नीट करणे, जगलेल्या व मेलेल्या रोपांची मोजदाद करणे, रोपवाटिकेत माती भरणे ही कामे त्या वेळी हातांची वाट पाहत असतात. रोप लावतानाचे छायाचित्र यांत मिळणार नाही. पण लावलेले झाड जगते ते अशाच कामांनी.

गावाची संमती

कोणते काम करावयाचे, हे शिबिराने ठरवू नये. उत्तराखंडात 1931 च्या नियमांपासून वनपंचायतींची परंपरा चालत आली आहे. जमीन वनपंचायतीची असल्यास तिच्या सरपंचांची व राखीव वन असल्यास विभागीय वनाधिकाऱ्यांची लेखी अनुमती निदान तीन महिने अगोदर मागवावी. गावच्या स्त्रियांचे मत आवर्जून घ्यावे. ओक वर्गातील बांज हा वृक्ष त्यांना विशेष प्रिय आहे. त्याचा पाला गुरांना चालतो, गळलेल्या पानांचे खत होते व त्याच्या सावलीतील जमीन ओलावा धरून ठेवते. पाहुण्यांना देवदार शोभिवंत वाटेल. गावाला वैरण हवी असेल.

निवास, शिधा व सुरक्षितता

वीस जणांचा स्वयंपाक सरपणावर केल्यास, जे वन राखावयाचे तेच चुलीत जाईल. म्हणून गॅसची व्यवस्था अगोदर करावी. धान्य व भाजी शक्यतो गावातूनच, योग्य मोल देऊन घ्यावी. झऱ्याच्या पाण्यावर गावाचा पहिला हक्क असतो. स्नान व कपडे धुणे उगमापासून दूर, खालच्या बाजूस करावे. प्लॅस्टिकचा कचरा परत आणावा.

लोकरी कपडे, मजबूत बूट, हातमोजे व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. कंडाळी नावाच्या झुडपाच्या स्पर्शाने अंगाची आग होते. ते स्थानिकांकडून पहिल्याच दिवशी ओळखून घ्यावे. अस्वल व बिबट्या यांचा वावर असल्याने सांजवेळी एकट्याने बाहेर पडू नये. विद्यार्थ्यांच्या पालकांची लेखी संमती व सर्वांचा अपघात विमा घ्यावा. 7 फेब्रुवारी 2021 रोजी रेणीजवळ ऋषिगंगेला अकस्मात आलेल्या लोंढ्याने अनेकांचे प्राण घेतले. नदीपात्रात तळ टाकू नये आणि प्रशासनाची सूचना आल्यास कार्यक्रम विनातक्रार रद्द करावा.

परतल्यानंतर

शिबिराची खरी परीक्षा घरी परतल्यावर होते. केलेल्या कामाचा तक्ता गावाकडे ठेवावा व पुढील वर्षी किती रोपे जगली, हे पत्राने विचारावे. चिपकोचा विचार दक्षिणेत कसा रुजला, याचे उदाहरण सीमेलगतच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसीजवळील साळकणी येथे सप्टेंबर 1983 मध्ये ‘अप्पिको’ आंदोलन सुरू झाले. अप्पिको या कन्नड शब्दाचा अर्थही मिठी मारणे असाच आहे.

गोव्यात व सीमाभागात देवराया आहेत, उघड्या टेकड्या आहेत आणि आटत चाललेले झरेही आहेत. चमोलीच्या स्त्रियांकडून रोपांची राखण शिकून आलेल्या वीस जणांनी आपल्या गावची एक टेकडी गुरांपासून व वणव्यापासून पाच वर्षे राखली, तर त्या लांबच्या प्रवासाचे चीज झाले असे समजावे.