आजारपण आणि थकलेला जीएसटी : दवाखान्यातूनही दुकान कसं वाचवायचं?

व्हिडिओत हा विषय घेतला, पण मुदती आणि आकडे लिहून ठेवलेले बरे.

आपल्या हिंगणीसारख्या गावात दुकान म्हणजे एकच माणूस. खरेदी त्याची, उधारी त्याची, जीएसटीचा ओटीपीही त्याच्याच मोबाईलवर. तो सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात भरती झाला की रिटर्न थांबतं. आजारी आहे म्हणून कर माफ होत नाही, हे आधी समजून घ्या. पण कारण वेळेत, लेखी सांगितलं तर नोंदणी वाचू शकते.

१. किती वाढेल?
व्याज वर्षाला १८ टक्के. ४०,००० रुपये कर पाच महिने थकला, तर व्याज सुमारे ३,०००. विलंब शुल्क रोज ५० रुपये. पण उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका ३बी रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. म्हणजे आकडा भीती वाटते तेवढा मोठा नसतो. खरं नुकसान गप्प बसल्याने होतं.

२. दुकान पूर्ण बंद आहे?
खरेदी-विक्री काहीच नसेल तर निरंक रिटर्न भरा. नोंदणीकृत मोबाईलवरून १४४०९ वर एसएमएस करूनही ३बी भरता येतं. खाटेवरून होणारं काम आहे हे.

३. नोटीस आली?
रिटर्न न भरल्याची नोटीस आली की १५ दिवस मिळतात. तेही गेले तर अधिकारी अंदाजाने कर ठरवतो. त्या आदेशानंतर ६० दिवसांत रिटर्न भरलं, तर तो आदेश मागे घेतल्यासारखा धरतात. सलग सहा महिने मासिक रिटर्न नसेल तर नोंदणी रद्द होऊ शकते. त्या नोटिशीला ७ कामाच्या दिवसांत उत्तर द्या. सोबत डिस्चार्ज कार्ड, दवाखान्याची बिलं, डॉक्टरचं प्रमाणपत्र लावा. रद्द झालीच, तर ९० दिवसांत ती परत मिळवण्याचा अर्ज करता येतो.

४. हप्ते मिळतात का?
आदेशाने निघालेल्या थकबाकीला आयुक्तांच्या परवानगीने २४ मासिक हप्ते मिळू शकतात. रक्कम २५,००० पेक्षा कमी नको. एक हप्ता चुकला की सगळी बाकी एकदम. स्वतः रिटर्नमध्ये दाखवलेल्या कराला मात्र ही सोय नाही.

मुदत संपली तरी सगळं संपत नाही. रोहित एंटरप्रायझेस या छोट्या उद्योगाचं अपील उशिराचं म्हणून फेटाळलं गेलं होतं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने थकबाकी भरण्याच्या अटीवर नोंदणी परत दिली. पण कोर्टाचा खर्च आपल्याला परवडतो का, ते बघा. त्यापेक्षा ७ दिवसांतलं उत्तर स्वस्त.

आजचं काम : तब्येत ठणठणीत असतानाच बायको, भाऊ किंवा मुलाला पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून जोडा. लॉगिन कुठे लिहिलंय, तेही घरात सांगून ठेवा.