कपोत, होला आणि दुसरं घरटं

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७ (कपोताची कथा)

अवधूतानं यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले, तो भाग आपण वाचत आहोत. पृथ्वी, वायू, आकाशापासून सुरू झालेली ही यादी आज आठव्या गुरूपाशी, म्हणजे कपोतापाशी येते. कपोत म्हणजे कबूतर. या २४ मध्ये पक्षी दोनच. एक हा, आणि दुसरा ९ व्या अध्यायातला कुरर. ज्यांच्याकडे एकनाथी भागवत आहे त्यांनी ७ वा अध्याय जरूर काढून बघा. नाथांनी १५७३ साली काशीत हा ग्रंथ पूर्ण केला. कपोताची कथा त्यांनी अशी रंगवली आहे की वाचताना डोळ्यांपुढे झाड आणि घरटं उभं राहतं.

कथा थोडक्यात अशी. कपोत आणि कपोती चारा आणायला जातात. मागे पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात. कपोती येते, पिल्लांची तडफड बघून धावते आणि तीही अडकते. मग कपोत येतो. आता माझं कोण उरलं, असा विलाप करतो आणि स्वतःहून जाळ्यात पडतो. पारध्याला आयतंच सगळं कुटुंब मिळतं.

ही कथा ‘प्रपंचात आसक्ती नको’ एवढ्यावर संपवण्याची आपल्याला सवय आहे. पण तिघांच्या अडकण्यातला फरक पाहा. पिल्लांना जाळं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. कपोती मायेनं धावली, तिला स्वतःचं भान राहिलं नाही. कपोताला मात्र जाळं दिसत होतं, त्यात मरण आहे हेही दिसत होतं. त्याच्यावर कोणी जाळं टाकलं नाही. दुःखानं त्याला सांगितलं की आता उरलं काय, आणि ते त्यानं खरं मानलं. अवधूत बोट ठेवतो ते इथे.

कपोताचा अगदी जवळचा भाऊबंद आपल्या घराजवळच राहतो, तो म्हणजे होला. यवतमाळात आमच्या घराच्या परसात एक कडुनिंब, एक शेवगा आणि जास्वंद आहे. मी घरून काम करतो, खिडकीशी टेबल आहे. त्यामुळे दिवसभरात बुलबुल, दयाळ, शिंपी, साळुंकी, कोतवाल, भारद्वाज यांची हजेरी आपोआप लागते. पण माझा आवडता होला. गेल्या एप्रिलमध्ये एका जोडीनं आमच्या बंद कूलरच्या वर घरटं केलं. घरटं कसलं, चार काड्या! खालून बघितलं तर अंडी दिसावीत इतकं विरळ. पांढरी २ अंडी. नर-मादी पाळीपाळीनं बसायचे. पिल्लं निघाल्यावर दोघंही त्यांना भरवायचे. होला, कबूतर यांच्या अन्नाच्या पिशवीत दुधासारखा दाट रस तयार होतो, सुरुवातीला पिल्लं त्यावरच वाढतात. आणि हा रस आई-बाप दोघांनाही येतो! आईनं फर्मान काढलं, पिल्लं उडेपर्यंत या खोलीतला कूलर सुरू करायचा नाही. एप्रिलच्या यवतमाळात ही किती मोठी गोष्ट आहे ते आपल्याकडच्यांना सांगायला नको.

पिल्लं ८-१० दिवसांची असतील. एका सकाळी शिक्रा आला आणि अर्ध्या मिनिटात घरटं रिकामं झालं. एक पिल्लू त्यानं नेलं, दुसरं खाली पडून मेलं. जोडी दिवसभर तिथेच होती. कूलरवर यायची, बसायची, परत तारेवर जायची. पक्ष्याच्या मनात काय चालतं ते आपण सांगू शकत नाही, मी फक्त पाहिलेलं लिहितोय. साधारण दोन आठवड्यांनी शेवग्याच्या बेचक्यात काड्या दिसू लागल्या. ती हीच जोडी होती की दुसरी, याची खात्री देता येणार नाही, कारण होले एकसारखे दिसतात. पण होल्यांची रीतच अशी आहे. घरटं मोडलं की थोड्या दिवसांत दुसरं.

मग कथेतला कपोत खोटा का? नाही. अवधूताचे काही गुरू काय घ्यावं ते शिकवतात, तर काही काय टाळावं ते. कथेतला कपोत दुसऱ्या प्रकारचा गुरू आहे, आणि परसातला होला पहिल्या प्रकारचा.

हे सगळं मी पक्ष्यांच्या हौसेपोटी लिहीत नाहीये. आपला जिल्हा कोरडवाहू कापसाचा. उन्हाळा तापला की पावशा ओरडायला लागतो आणि आपल्या कानांना ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. खरं तर तो आपल्या जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी ओरडत असतो. बाबा म्हणतात, “पावशा त्याच्या गरजेनं ओरडते, आपण वावरात हात घालून ओल पाहावी.” कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. पण सगळं नीट पाहूनही पाऊस दडी मारतो. दोन वर्षांपूर्वी गावी आमच्या वावराला लागून असलेल्या काकांचं तसंच झालं. सरकी उगवली आणि उन्हात करपली. बियाणं उधारीचं होतं. काका बोलेनासे झाले, जेवेनासे झाले. असं गप्प होणं आपल्या जिल्ह्यात कुठे जाऊन थांबतं, ते आपण सगळे जाणतो.

अशा माणसाला ‘होल्याकडून शिका’ म्हणणं मला जमणार नाही. कर्जाचं जाळं त्यानं विणलेलं नसतं, आणि दुसरं घरटं बांधायला काड्या तरी लागतात. म्हणून इथे मला परसातला तिसरा पक्षी आठवतो, सातभाई. मातकट रंगाचे, सदा कलकलाट करणारे, एका टोळीत राहणारे. टोळी पालापाचोळा उकरत असते तेव्हा एक जण उंच बसून पहारा करतो. शिक्रा दिसला की सगळे मिळून ओरडतात. एका जोडीच्या पिल्लांना टोळीतले बाकीचेही भरवतात. पावशा आपलं अंडं यांच्याच घरट्यात गुपचूप घालतो, आणि सातभाई त्या परक्या पिल्लालाही वाढवतात! ऊन उतरलं की फांदीवर एकमेकांना चिकटून बसतात आणि एकमेकांची पिसं साफ करतात.

काकांच्या बाबतीत गावानं तेच केलं. एकानं बियाण्याची बॅग दिली, एकानं बैलजोडी. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. उपदेश नाही, काही नाही. चहा, बिडी, गावच्या गप्पा. काकूंनी घरातली औषधं-फवारे आमच्याकडे आणून ठेवले. जुलैत दुबार पेरणी झाली, थोडी पऱ्हाटी आणि बाकी तूर. उत्पन्न बेताचंच आलं. पण काका आहेत. यंदाही मिरगात बांधावर भेटले.

कथेतल्या कपोताजवळ त्या वेळी कोणी नव्हतं. सांगणारा अवधूत ही कथा संपवताना म्हणतो की मनुष्यजन्म हे मुक्तीचं उघडं दार आहे. पण दुःखात बुडालेल्याला ते दिसत नाही. कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. मला वाटतं, आजच्या वाचनातला आपल्या वाट्याचा भाग हा आहे.

आजचं मनन

१. आज १० मिनिटं परसात किंवा गॅलरीत बसून एकच पक्षी पाहा. मोबाइल आत ठेवा. अर्थ लगेच काढू नका, आधी तो काय करतो ते बघा.

२. ओळखीतलं कोण सध्या गप्प झालंय? त्याच्याकडे आज जाऊन या. बोलणं सुचलं नाही तरी चालेल, नुसतं बसा.

३. मन फारच खचलं असेल, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक लावा. मदत मागणं हा कमीपणा नाही.

उद्या ८ वा अध्याय, अजगराची कथा. वाचून या.

श्री गुरुदेव दत्त.