दशाश्वमेध घाटावरील कुरव

वाराणसीजवळ गंगा आपली नेहमीची दिशा सोडून काही अंतर उत्तरेकडे वाहते. शहर तिच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे, घाटांची तोंडे पूर्वेकडे आहेत आणि पैलतीरी वाळूचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. महाराष्ट्रीय वाचकाला या तीराची ओळख निराळ्या कारणाने असते. दशाश्वमेध घाटाच्या दगडी बांधकामाशी पेशव्यांचे नाव निगडित आहे. त्याला लागूनच असलेला घाट अहल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. कार्तिकस्नानासाठी येथे लोटणाऱ्या यात्रेकरूंबरोबर आणखी एक समुदाय याच सुमारास नदीवर उतरतो. त्याची नोंद मात्र कोणत्याही पंड्याच्या वहीत सापडत नाही. हा समुदाय म्हणजे कुरव पक्ष्यांचा.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून हे पांढरे पक्षी दिसू लागतात आणि देवदिवाळीपर्यंत, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, त्यांची संख्या चांगलीच वाढते. नाविक त्यांना सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात. पर्यटकही तेच नाव घेऊन घरी जातात. वस्तुतः या एका नावाखाली दोन निरनिराळ्या जातींचे पक्षी झाकले गेले आहेत आणि त्यांच्या मायभूमीही निरनिराळ्या आहेत. ‘साइबेरियन’ हे विशेषण त्यांपैकी एका जातीला फार तर अर्धवट लागू पडते. दुसरीला ते मुळीच लागू पडत नाही.

पहिली जात तपकिरी डोक्याच्या कुरवाची. टॉमस जर्डन या निसर्गशास्त्रज्ञाने १८४० साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. हा पक्षी लडाख, तिबेट, पामीर अशा मध्य आशियाई पठारांवरील सरोवरांच्या काठी वीण करतो. लडाखमधील त्सो मोरिरी सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील पाणी गोठते, अन्न मिळेनासे होते आणि पक्ष्यांना खाली उतरावेच लागते. वाराणसीची उंची शंभर मीटरही भरत नाही. तेव्हा घाटासमोर तरंगणारा हा पाहुणा दूरच्या सैबेरियातून नव्हे, तर हिमालयाच्या पलीकडच्या अंगणातून आलेला असतो. त्यांतील काही पक्षी तर भारताच्याच हद्दीत जन्मलेले असू शकतात.

दुसरी जात काळ्या डोक्याच्या कुरवाची. तिचा पसारा फार मोठा आहे. पश्चिम युरोपपासून सैबेरियाच्या पूर्व टोकापर्यंत हा पक्षी वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो. लिनीयसने १७६६ साली त्याला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ ‘हसणारा’ असा आहे. त्याचा आवाज ऐकला म्हणजे हे नाव सार्थ वाटते. काशीच्या पात्रात तो दिसतो त्याच आठवड्यांत त्याचे भाऊबंद भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर आणि बेटांवरही उतरलेले असतात. सायप्रस बेटावर लार्नाका गावाजवळ एक खारे सरोवर आहे. शरदाच्या अखेरीस पाऊस पडून ते भरू लागले, की तेथे रोहित पक्ष्यांचे थवे येतात आणि ते पाहण्यासाठी जाणकार वाटाड्यासह मंडळी काठावर जमतात. त्या गर्दीतही हा लहानसा कुरव असतो. रोहितांपुढे त्याच्याकडे लक्ष देण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आता या दोघांना ओळखावे कसे? येथे नावे उपयोगी पडत नाहीत, उलट दिशाभूल करतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके विणीच्या हंगामातदेखील खरोखरीचे काळे नसते. ते गडद चॉकलेटी असते. शिवाय हिवाळ्यात दोन्ही जातींच्या डोक्यावरचा हा टोप गळून पडतो. उरतो तो डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी, एक गडद ठिपका. चोच आणि पाय दोघांचेही तांबडे. तपकिरी डोक्याचा कुरव थोडा मोठा आणि जाड चोचीचा असतो. परंतु दोघे शेजारी बसलेले नसतील, तर हा फरक नवशिक्याच्या ध्यानात येत नाही.

यासाठी डोळा आणि पंख यांकडे पाहावे. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचे बुबुळ फिकट, जवळजवळ पांढरे असते, त्यामुळे त्याची मुद्रा काहीशी कठोर भासते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा काळाभोर आणि मुद्रा सौम्य. तथापि पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पहिल्या हिवाळ्यातील पक्ष्यांचा डोळा दोन्ही जातींत काळाच असतो, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. असे तरुण पक्षी पंखांवरील तपकिरी छटांवरून आणि शेपटीच्या टोकाशी असलेल्या गडद पट्ट्यावरून कळतात. पक्षी उडाला म्हणजे खरा निर्णय होतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची बाहेरची कड लांबवर पांढरी झळकते आणि काळा रंग टोकांपुरताच असतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाचे टोक मात्र ठसठशीत काळे असते आणि त्या काळ्या भागात पांढरे कवडसे दिसतात.

वेळ आणि जागा यांचाही विचार करावा लागतो. पहाटे घाटावरून पाहिल्यास सूर्य समोर असतो आणि सारे पक्षी काळ्या आकृतींसारखे दिसतात. नाव पलीकडच्या वाळूच्या बाजूस नेऊन घाटाकडे तोंड केले, की प्रकाश पाठीमागून पडतो आणि डोळ्याचा रंगदेखील वाचता येतो. नाव वल्ह्यांची असावी. डिसेंबर आणि जानेवारीत धुके बरेच उशिरापर्यंत उठत नाही. म्हणून नोव्हेंबरचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात सोयीचा. वाळूच्या कडेला शांतपणे बसलेला थवा सापडला, तर तेथे अर्धा तास थांबावे. त्यात नदी सुरय मिसळलेले असतात. हे येथलेच रहिवासी, पिवळ्या चोचीचे. क्वचित चक्रवाकाची जोडीही दिसते. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहासाठी अजरामर केलेला हा पक्षीसुद्धा हिवाळी पाहुणाच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परंतु घाटावर येणारे बहुतेक लोक अशा शांत थव्याजवळ जात नाहीत. नाव प्रवाहात आली, की नाविक लांब स्वरात साद घालतो, पर्यटक शेवेची पुडी फोडतो आणि क्षणार्धात शेकडो पक्षी नावेभोवती घिरट्या घालू लागतात. छायाचित्र उत्तम येते. भूमध्य समुद्राच्या बेटावरील वाटाड्या आपल्या मंडळींना आवाज खाली ठेवून दूर उभे राहायला सांगतो. येथला वाटाड्या पक्ष्याला हाताशी बोलावतो. दोघांचाही उदरनिर्वाह पक्ष्यांवरच चालतो.

या खाद्याविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. कुरव हा सर्वभक्षी पक्षी आहे. मासे, किडे, गांडुळे, मेलेले जीव, माणसाने टाकलेले उष्टे असे सारे तो खातो. मिठाचा प्रश्नही इतर पक्ष्यांइतका बिकट नाही, कारण कुरवांच्या डोळ्यांवरच्या बाजूस जादा क्षार शरीराबाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. मूठभर शेवेने कुरव मरतो, असे म्हणणे खरे नव्हे. पण तळलेल्या बेसनात त्याच्या गरजेचे फारसे काही नसते, आणि पहिल्या हिवाळ्यातील पक्ष्याने ज्या महिन्यांत मासा टिपायला शिकायचे, ते महिने नावेमागे धावण्यात जातात. रिकाम्या प्लास्टिकच्या पुड्या पाण्यातच पडतात, हे निराळेच.

याहून गंभीर गोष्ट गर्दीची आहे. २००५ सालच्या मे महिन्यात चीनमधील छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूची साथ आली आणि सहा हजारांहून अधिक जंगली पक्षी दगावले. त्यांत तपकिरी डोक्याचे कुरव होते. २०२३ साली युरोपात याच रोगाने काळ्या डोक्याच्या कुरवांच्या वसाहती झोडपून काढल्या. एका नावेभोवती शेकडो पक्षी चोचीला चोच लावून झुंबड करतात आणि त्यांच्या मध्ये माणसे हात पसरून बसतात, तेव्हा रोगाला याहून सोयीची व्यवस्था कोणती करून द्यायची?

जानेवारी २०२१ मध्ये देशातील अनेक राज्यांत बर्ड फ्लू पसरला असता वाराणसीच्या जिल्हा प्रशासनाने नावेतून पक्ष्यांना खाऊ घालण्यास मनाई केली होती. त्याच महिन्यात एका नामवंत क्रिकेटपटूचे पक्ष्यांना भरवतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्या वेळी कारवाईची भाषा झाली ती पर्यटकाविरुद्ध नव्हे, नाविकाविरुद्ध. पर्यटकाला नियम ठाऊक नसतो, नाविकाला असतो, असे तिचे समर्थन होते. ते तर्काला धरून आहे. तरीही ज्याचा हंगाम या चार महिन्यांवर अवलंबून असतो, त्याच्या हातून पुडी काढून घ्यायची, तर दुसरे काहीतरी त्या हाती द्यायला हवे, एवढी जाणीव मनाईच्या हुकमात दिसत नाही.

ते दुसरे काय असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहितांबरोबर हेच कुरव येऊ लागले. भिगवण आणि कुंभारगाव येथील मच्छीमारांनी आपल्या होड्या पक्षिनिरीक्षकांसाठी वापरायला काढल्या. त्यांच्यापैकी अनेकांना आज पक्ष्यांची मराठी व इंग्रजी नावे मुखोद्गत आहेत. कोणता पक्षी कोठे बसतो, किती जवळ गेल्यावर उडतो, हे ते सांगू शकतात, आणि निरीक्षक त्या माहितीचे पैसे मोजतो. तेथेही सारे आदर्श आहे असे नाही. चांगल्या छायाचित्राच्या हट्टापायी होडी थव्यात घुसवणारे तेथेही भेटतात. पण गंगेवरच्या निषादांना आपली नदी भीमेच्या मच्छीमारांपेक्षा कमी ठाऊक आहे, असे कोण म्हणेल? वाळू कोठे सरकली, मासा कोठे वर येतो, थवा रात्रीला कोठे जातो, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहेच. ते विचारणारा प्रवासी तेवढा दुर्मिळ आहे.

फेब्रुवारी लागला, की थव्यात बदल दिसू लागतो. एखाद्या पक्ष्याच्या कपाळावर, मग गालांवर गडद पिसे उगवतात आणि टोप पुन्हा भरत जातो. दोन्ही जातींत हा क्रम सारखाच असला, तरी प्रत्येक पक्षी आपापल्या गतीने बदलतो. त्यामुळे एकाच थव्यात पांढरी, चितकबरी आणि पुरती गडद अशी डोकी एकत्र दिसतात. ज्याने नोव्हेंबरात केवळ डोळा आणि पंख पाहून नोंदी केल्या असतील, त्याला त्या ताडून पाहण्याची संधी या वेळी मिळते. मार्चच्या अखेरीस बहुतेक कुरव निघून जातात आणि वाळूजवळच्या पाण्यावर सुरय तेवढे घिरट्या घालताना दिसतात.