एकाच नावाच्या दोन राळा

आपल्या किनाऱ्यावर लाकडी होडीच्या फळ्यांमधील फटी कापसाच्या दोऱ्याने ठासून त्यांवर राळ व तेल यांचे मिश्रण चढवण्याची रीत जुनी आहे. ती राळ झाडापासून मिळे. इपॉक्सी ही कारखान्यात तयार होणारी राळ होय. तिच्यात हार्डनर हा दुसरा घटक ठरलेल्या प्रमाणात मिसळला की रासायनिक अभिक्रिया होते आणि मिश्रण कायमचे घट्ट होते.

इमारतीच्या बांधकामासाठी विकली जाणारी इपॉक्सी सहज मिळते. मग होडीच्या दुरुस्तीला तीच का वापरू नये? प्रश्न रास्त आहे. पण डब्यावरील नाव एक असले, तरी आतील द्रव्य एकच असते असे नाही.

काँक्रीटमध्ये सळई बसवण्याची इपॉक्सी दाट लुकणासारखी असते. तिच्यात खनिज भुकटी मिसळलेली असते. त्यामुळे ती लाकडाच्या तंतूंत शिरत नाही, काचतंतूंचे कापड भिजवू शकत नाही आणि घट्ट झाल्यावर घासण्यास अवघड जाते. शिवाय भिंत स्थिर असते. होडीचा तळ मात्र प्रत्येक लाटेबरोबर किंचित वाकतो. पाण्याच्या वरच्या भागातील, भार न पेलणारे एखादे भोक बुजवायचे असेल, तर हे लुकण चालेल. तळाला पडलेल्या भोकासाठी ते चालणार नाही. तेथे भोकाची कड जाडीच्या सुमारे बारापट अंतरापर्यंत उतरती घासून, पातळ नौका-इपॉक्सीत भिजवलेल्या कापडाचे थर द्यावे लागतात.

सतत ताण सोसणाऱ्या जागी तर अधिक सावध राहावे. 10 जुलै 2006 रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे अवजड फलक मोटारीवर कोसळून एक महिला मृत्युमुखी पडली. ते फलक पेलणारे बोल्ट इपॉक्सीने बसवलेले होते. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने 2007 साली दिलेल्या अहवालानुसार, वापरलेली इपॉक्सी दीर्घकाळ भार पेलण्याजोगी नव्हती. सततच्या ओढीने ती हळूहळू ताणली जाऊन बोल्ट निसटले. अल्पकाळ भार दिला असता हीच इपॉक्सी मजबूत भासते. होडीत डोलकाठीचे ताण-दोर जेथे बांधले जातात, तेथेही ओढ अशीच अखंड असते.

आता हाताळणीविषयी. हार्डनर जास्त घातल्यास राळ लवकर घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. असे मिश्रण कच्चे राहते. अभिक्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने खोल भांड्यात बरेच मिश्रण ठेवल्यास ते तापून धूर निघू शकतो. म्हणून थोडे थोडे कालवून उथळ पसरट भांड्यात ओतावे. लाकूड आधी पूर्ण वाळवावे. काही प्रकारांत घट्ट झालेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो; पुढचा थर देण्यापूर्वी तो साध्या पाण्याने घासून धुवावा. हातमोजे वापरावेत, कारण वारंवार स्पर्श झाल्यास त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. इपॉक्सीला सूर्यप्रकाश सोसत नाही, तेव्हा शेवटी रंग द्यावाच.

पाठगत प्रश्न
1. होडीच्या तळाची जाडी 5 मिमी असल्यास भोकाची कड किती अंतरापर्यंत उतरती घासावी?
2. बोगद्यातील बोल्ट बसवल्याबरोबर का निसटले नाहीत?