चाकूचें पोलाद आणि पात्यावरील लेप

मिटता चाकू ही वस्तु लहान खरी; परंतु तिची निवड बहुधा पाहून होते, समजून होत नाहीं. दुकानांत काळेंभोर किंवा सोनेरी पातें चकाकतें आणि पैसे मोजले जातात. गुलाबाचा डोळा भरणारा माळी, फळें कापणारी गृहिणी, पेन्सिल तासणारा विद्यार्थी, ह्या सर्वांस हवी असते ती धार. ती कोठून येते व लेपाचें काम कोणतें, ह्याचा येथें विचार करूं.

प्रथम पोलाद. शुद्ध लोखंड मऊ असतें. त्यांत अल्प कार्बन मिसळला म्हणजे पोलाद होतें. चाकूच्या साध्या पोलादांत कार्बन बहुधा शेंकडा ०.६ ते १ असतो. तें लाल तापवून एकदम तेलांत किंवा पाण्यांत बुडविलें म्हणजे कठीण होतें. ह्यासच आपले घिसाडी ‘पाणी देणें’ म्हणतात. परंतु असें पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें. म्हणून तें पुन्हा मंद उष्णतेवर तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. चांगल्या पात्याची कठिणता रॉकवेल मापावर सामान्यतः ५६ ते ६० असते. पातें फार मऊ असल्यास धार वळते. फार कठीण असल्यास ती तुटते.

साधें पोलाद निसण्याच्या दगडावर लवकर धार घेतें, परंतु गंजतें. कैरी चिरल्यावर विळीवर पडलेले काळे डाग कोणी पाहिले नाहींत? सन १९१३ मध्यें शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली ह्यानें शेंकडा सुमारें १२.८ क्रोमियम असलेलें पोलाद तयार केलें. क्रोमियमचा प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर अत्यंत पातळ पापुद्रा बनतो व ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. तथापि क्रोमियमच्या आंकड्यानेंच भुलून जाऊं नये. ‘डी-२’ पोलादांत क्रोमियम शेंकडा सुमारें १२ असतें, पण कार्बनही दीड असतो. बरेंचसें क्रोमियम त्या कार्बनशीं जखडलें जातें. म्हणून हें पोलाद धार पुष्कळ टिकवितें, पण ओलें ठेविल्यास डागाळतें. उलट ‘४४० सी’ मध्यें क्रोमियम १६ ते १८ असल्यानें तें गंजास अधिक दाद देत नाहीं.

आतां लेप. मुख्य प्रकार तीन:

(१) काळा ऑक्साइड. रासायनिक द्रवांत पात्याचा पृष्ठभागच काळा करतात. ह्यानें गंज थोडाच थांबतो. तेलाचा हात फिरवावाच लागतो.

(२) टायटेनियम नायट्राइड. हा सोनेरी दिसतो. धायरी-नऱ्हे भागांतील लहान कारखान्यांत ज्यांचे वडील काम करतात, त्यांनीं सोनेरी ड्रिल पाहिलें असेल. ती कांति बहुधा ह्याच लेपाची.

(३) हिऱ्यासारखा कार्बन. हा काळा व फार कठीण असून घर्षण कमी करतो.

शेवटचे दोन लेप निर्वात पेटींत बसवितात व त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. त्या वेळीं उष्णता बेताबाहेर गेली तर पात्याचें पाणी उतरतें व तें मऊ पडतें.

मुख्य गोष्ट पुढेंच आहे. पातें निसण्यावर घासलें कीं धारेवरचा लेप निघून जातो व कापणारी कड उघडी पडते. सारांश, लेप पात्याच्या अंगाचें रक्षण करतो, धारेचें नव्हे. हलकें पोलाद लेपानें उत्तम होत नाहीं.

यास्तव घरच्या फळांसाठीं व आपल्या पावसाळ्यासाठीं न गंजणाऱ्या पोलादाचें, लेपाविना असलेलें पातें पुरेसें आहे. जो माळी रोज धार लावतो व पातें पुसून ठेवतो, त्यास साधें पोलादही उत्तम. चाकू मिटण्यापूर्वीं कोरडा करावा, सांध्यांत तेलाचा थेंब सोडावा व उघडें पातें बोटांवर मिटणार नाहीं अशी खटक्याची पकड आहे कीं नाहीं, हें पालकांनीं पाहावें. बोथट चाकूस अधिक जोर लावावा लागतो, तो निसटतो आणि बोट कापतें. चाकू शाळेंत मात्र कोणींही आणूं नये.

परीक्षेच्या आदल्या रात्रीं केलेली घोकंपट्टी ही अशीच सोनेरी लेपासारखी. पहिल्याच अवघड प्रश्नावर ती घासून जाते. वर्षभर केलेला अभ्यास हें मनास दिलेलें पाणी होय. दर वेळीं घासून नवी धार लावतां येते, ती त्याच्याच बळावर.