नापास की गैरहजर?

रविवारची दुपार. मेसचं जेवण अंगावर आलेलं, समोर अर्धवट जर्नल आणि कानात इअरफोन. रूममेटने त्यातला एक ओढून स्वतःच्या कानात घातला. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "छान आहे गं. कोणाचं?"

"फ्लॉरेन्स प्राइस."

"कधी नाव नाही ऐकलं."

"लोक विसरले होते तिला."

यावर मॅडमनी एका वाक्यात निकाल लावला, "चांगलं असतं तर टिकलं असतं ना!"

तिला व्हायवात एक्स्टर्नलसुद्धा हरवू शकत नाहीत, तिथे मी काय हरवणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर. (कॉन्व्हेंटच्या मराठीला तेवढं सांभाळून घ्या!)

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे गायक मैफलीतच राग फुलवतो आणि बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. युरोपातल्या क्लासिकल संगीतात रचनाकार, म्हणजे कंपोझर, कोणत्या वाद्याने कोणता स्वर वाजवायचा ते कागदावर लिहून ठेवतो. वाजवणारे बहुधा दुसरेच असतात. म्हणून तिथे रचना टिकायला तीन गोष्टी लागतात. कागद शाबूत राहिला पाहिजे, त्याच्या प्रती निघाल्या पाहिजेत आणि कोणीतरी वेळ व पैसा घालून ती रचना वाजवली पाहिजे. यातली एक कडी तुटली की संगीत कितीही चांगलं असो, आवाज बंद! आता तीन उदाहरणं पाहू.

१) बाख. आज पाश्चात्त्य संगीतातलं हे सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. १७५० मध्ये तो वारला तेव्हा त्याची शैली जुनी झाली होती. त्याचे पियानोवर शिकवायचे धडे जाणकारांमध्ये चालू राहिले, पण 'सेंट मॅथ्यू पॅशन' ही त्याची प्रचंड रचना लोक जवळजवळ विसरून गेले. फेलिक्स मेंडेल्सोनला त्याच्या आजीने तिची हस्तलिखित नक्कल भेट दिली होती. ११ मार्च १८२९ रोजी त्याने ती बर्लिनमध्ये, थोडी काटछाट करून, सादर केली. गर्दी इतकी झाली की दहा दिवसांनी कार्यक्रम पुन्हा करावा लागला. तेव्हा मेंडेल्सोनचं वय होतं वीस. म्हणजे माझ्याएवढं! (मी अजून एम-थ्री सोडवतेय.)

२) विवाल्डी. याचं 'फोर सीझन्स' तुम्ही नक्की ऐकलंय, जाहिरातीत नाहीतर कस्टमर केअरच्या होल्डवर. हा व्हेनिसचा धर्मगुरू अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिन शिकवायचा. १७४१ मध्ये व्हिएन्नात गरिबीत वारला आणि पुढची जवळजवळ दोन शतकं त्याचं नाव फक्त अभ्यासकांपुरतं उरलं. १९२६ मध्ये इटलीतल्या एका मिशनरी शाळेला इमारत दुरुस्तीसाठी पैसे हवे होते. जुनी पुस्तकं विकायला काढली आणि किंमत ठरवायला तूरिनच्या ग्रंथालयाला विचारलं. त्या गठ्ठ्यात विवाल्डीची हस्तलिखितं निघाली! ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ नावाच्या शेअर दलालाने आपल्या वारलेल्या लहान मुलाच्या स्मरणार्थ ती विकत घेऊन दिली. पुढे कळलं की हा अर्धाच संग्रह आहे. उरलेला अर्धा जेनोव्हाच्या एका घराण्याकडे सापडला. १९३० मध्ये तोही एका उद्योगपतीने विकत घेऊन दिला. त्याचाही मुलगा गेला होता. सगळ्या मिळून सुमारे ४५० रचना. त्यातलं 'ग्लोरिया' १९३९ मध्ये सिएनाच्या महोत्सवात गायलं गेलं. आमच्या शाळेच्या कॉयरमध्ये आम्ही त्याची सुरुवात गायचो. त्या इमारतीला दुरुस्ती लागली नसती तर?

३) फ्लॉरेन्स प्राइस. अमेरिकेतली कृष्णवर्णीय स्त्री, जन्म १८८७. जून १९३३ मध्ये शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने तिची पहिली सिम्फनी वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची ही पहिलीच वेळ. १९४३ मध्ये तिने बोस्टनच्या प्रसिद्ध कंडक्टरला पत्र लिहून आपलं स्त्री असणं आणि आपला वर्ण या दोन अडचणी सुरुवातीलाच सांगून टाकल्या. १९५३ मध्ये ती वारली. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घराची डागडुजी करताना कागदांची खोकी सापडली. ते घर तिचं होतं. खोक्यांत दोन व्हायोलिन कॉन्सर्टो होते, चौथी सिम्फनी होती. २०२२ मध्ये तिच्या सिम्फनींच्या रेकॉर्डिंगसाठी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राला ग्रॅमी मिळालं.

आता दुसरी बाजू. हे सगळं वाचून दाखवल्यावर रूममेट म्हणाली, "मान्य. पण कार्यक्रम दोन तासांचा. तू एकाला आत घेतलंस की दुसरा बाहेर गेला. आणि विसरलेले सगळेच काय बाख असतात?"

अगदी खरं. बहुतेक जण बाख नसतात. शिवाय शोधाच्या हौसेत फसगतही होते. 'आल्बिनोनीचा अडाजिओ' म्हणून जगभर वाजणारी रचना रेमो जाझोत्तो या इटालियन अभ्यासकाने १९५८ मध्ये प्रकाशित केली. आल्बिनोनीचा एक तुकडा मिळाला, त्यावरून बांधली, असं त्याने सांगितलं. आज ती जाझोत्तोचीच मानतात. गंमत म्हणजे लोकांना ती आवडते. मग स्वतःच्या नावावर आली असती तर कोणी वाजवली असती का?

म्हणून माझं उत्तर असं. आपल्या मार्कशीटवर नापास वेगळा आणि गैरहजर वेगळा. नापास म्हणजे पेपर तपासला आणि कमी पडला. गैरहजर म्हणजे पेपर तपासलाच गेला नाही. विसरलेल्या रचनाकारांत दोन्ही प्रकारचे आहेत, पण आपण सगळ्यांना नापास समजतो. त्यांना ग्रेस मार्क देऊ नका. दया म्हणून वाजवलेलं संगीत दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही. पण पेपर एकदा तपासा. नीट सराव करून, चांगल्या वादकांकडून एकदा ऐका आणि मग खुशाल नापास करा.

हे मला एवढं का लागतं, तेही सांगते. आमच्या शाळेत म्युझिकच्या एक सिस्टर होत्या. दर वर्षी प्राइझ डेसाठी त्या एक नवं गाणं बसवायच्या. आम्हाला वाटायचं, असेल कुठल्यातरी पुस्तकातलं. ती गाणी त्या स्वतः रचायच्या, हे त्या गेल्यावर कळलं. कागदावर त्यांनी कधी नाव घातलं नाही. माझ्याकडे त्यांच्या हातचा एकच कागद आहे, पेन्सिलने लिहिलेला. तोही फक्त आल्टोचा, म्हणजे खालच्या आवाजांचा, कारण मी आल्टोत उभी राहायचे. मुख्य चाल सोप्रानोवाल्या मुलींकडे होती. मागच्या महिन्यात दोघींना फोन केला. एकीला सुरुवात आठवते, दुसरीला शेवट. मधलं कडवं अजून कोणाकडे मिळालेलं नाही.

गाणं थोर होतं असं मी म्हणत नाही. ते ठरवायला आधी पूर्ण ऐकायला तर मिळू दे. रूममेट म्हणते, "जुळलं की पहिल्यांदा मला ऐकव. मार्क मी देणार."